ओवीखालचा पत्ता

तात्या 1980 साली अणदूरच्या पोस्टात पोस्टमन म्हणून लागले आणि 2019 साली रिटायर झाले. निरोपाला शाल-श्रीफळ मिळालं, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. साहेब भाषणात म्हणाले, तात्यांच्या हातून एकही मनीऑर्डर कधी इकडची तिकडं झाली नाही. ते खरंच होतं. सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या वाड्या-वस्त्यांवर त्यांनी सायकलीवरून टपाल वाटलं. कुणाचा मुलगा भिवंडीला, कुणाचा सुरतेला, कुणाची लेक उमरग्याकडं दिलेली, हे त्यांना तोंडपाठ होतं.

पुढं दिवस भराभर पालटले. तार तर त्यांच्या नोकरीतच, 2013 च्या जुलैत, बंद झाली होती. मग पत्रंही आटली, पैसे थेट खात्यावर पडू लागले. नव्या पोस्टमनच्या पिशवीत पार्सलंच जास्त. एके दिवशी तो तात्यांच्याच नावाचं पाकीट घेऊन आला आणि ओळख पटवायला आधार कार्ड मागितलं. पोराचं काही चुकलं नव्हतं, नियमाप्रमाणंच वागला तो. तात्यांनी आत जाऊन कार्ड आणलं, दाखवलं, सही केली. रात्री ताटावर बसले आणि अर्ध्या भाकरीवर उठले. काकूंनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "एकोणचाळीस वर्षं सायकल मारली. आन् ह्या गावात मी कोण ह्याचा पुरावा मागतंय पोरगं."

त्यांच्या माळवदाच्या घरात धान्याच्या कणगीमागं पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात वह्या होत्या. काही शाळेच्या, काही जुन्या हिशेबाच्या, काही तर रद्द झालेल्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठी दोऱ्यानं शिवून केलेल्या. त्या वह्यांचा तात्यांनी त्या रात्री विचारही केला नाही. त्यांच्या लेखी ते काही काम नव्हतं.

ह्या वह्यांची सुरुवात एका पत्रापासून झाली. तात्या नोकरीत नवे होते तेव्हा एका वाडीवर एक म्हातारी होती. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत. त्याचं आंतरदेशीय पत्र आलं की वाचायचं तात्यांनी आणि उत्तर लिहायचंही तात्यांनीच. एकदा उत्तर सांगताना म्हातारी अडली. जे सांगायचं होतं ते तिला साध्या बोलण्यात येईना. ती उठून जात्यापाशी गेली, पायली-दोन पायल्या दळायच्या होत्या असंही नाही, नुसता खुंटा धरला, चार वेढे फिरवले आणि म्हणाली, "आता लिही." जात्यावर बसलं की ओवी सुचते ही म्हण तात्यांनी शंभरदा ऐकली होती. ती अक्षरशः खरी असते हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं. हात थांबला की म्हातारीची ओळ तुटायची, हात फिरला की पुढची ओळ यायची.

आंतरदेशीय पत्रात ते सगळं मावेना. उरलेलं तात्यांनी एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर उतरवलं. मुलाला पाठवायच्या पत्रात चार ओव्या गेल्या आणि फॉर्मवर अकरा राहिल्या.

त्या काळात गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या. पहाटेची दळणं सुटली होती. जातं उरलं होतं डाळ भरडायला, तिखट-मिठाला, नाहीतर लग्नातल्या हळदीला. पण पहाटे तीनला उठून दळलेल्या बायांच्या पोटात ओव्या तशाच होत्या. सासरचा जाच, भावाची वाट, पंढरपूरची वारी, लेकराचं आजारपण, दुष्काळात खडी फोडायला गेलेलं 1972 चं साल, सगळं. बटवडा संपवून तात्या परतीला लागायचे, कुणीतरी ओसरीवरून हाक मारायचं, चहा ठेवायचं. तात्या म्हणायचे, "मावशी, एखादी ओवी सांगा की." आधी हसणं व्हायचं, मग ओवी यायची.

लिहिताना तात्यांनी एक गोष्ट न चुकता केली, आणि मला ह्या कथेतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते. प्रत्येक ओवीखाली त्यांनी पत्ता लिहिला. बाईचं नाव, माहेर, सासर, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि तारीख. कुणी शिकवलं नव्हतं. पोस्टाच्या नोकरीत अंगवळणी पडलेली ती सवय होती. पत्ता अपुरा असला की टपाल परत फिरतं, हे त्यांना रोज दिसत होतं. नाव-गावावाचून कागद त्यांच्या हातून पुढं सरकतच नसे. गावातल्या हॉटेलात लोक चेष्टा करायचे, "पोस्टमन बायकांची गाणी लिहितोय." तात्या ऐकून घ्यायचे आणि वही पिशवीत ठेवायचे.

काकूंनीही पहिली काही वर्षं कटकट केली. नंतर एकदा त्यांनीच एका वहीतली चूक काढली, "हितं माप चुकलंय, अशी म्हणत न्हाईत ही." तेव्हापासून त्या ह्या कामात आल्या. बाया पुरुषमाणसापुढं काही ओव्या म्हणत नाहीत; नवऱ्याच्या, सवतीच्या, बाळंतपणाच्या. त्या काकूंनी मिळवल्या. काकूंना लिहिता येत नव्हतं. त्या ऐकून पाठ करून यायच्या आणि चुलीपाशी बसून तात्यांना सांगायच्या, बाईच्या नाव-गावासकट.

नातू पुण्याहून आला तो पौषात, खंडोबाच्या यात्रेला. हा तात्यांच्या लेकीचा मुलगा, हिंजवडीला एका कंपनीत कामाला. अणदूरचा खंडोबा पौषात अणदुरात नसतो, हे आपल्या भागाला ठाऊक आहे. वर्षातले दहा महिने देवाचा मुक्काम अणदूरला आणि साधारण दोन महिने नळदुर्गला, मैलारपुरात. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिथंच भरते. देवाला नेताना-आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो, मगच पालखी हलते. नातू दोन दिवस नळदुर्गला वाघ्या-मुरळींचे, भंडारा उधळणाऱ्या लोकांचे फोटो काढत होता. तिसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "तात्या, मी नोकरी सोडतोय. आठवडाभर दुसऱ्याचं काम करायचं आणि रविवारी आपलं, असं होत नाही माझ्यानं. पूर्ण वेळ फोटोच काढणार."

काकूंनी कपाळाला हात लावला. तात्यांनी मात्र एका दमात सांगितलं, "सोड. मी न्हाई सोडली, माझं काय झालं बग. हाताला काय लागलं? एक घड्याळ."

नातवाला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तो गप्प झाला. होकार मिळूनही त्याला आनंद झाला नाही, कारण होकारात कडवटपणा होता.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं तेरला गेले. नातवाला तिथल्या त्रिविक्रमाच्या जुन्या मंदिराचे फोटो हवे होते, आणि तात्यांनी तेर कधी नीट पाहिलं नव्हतं. अणदूरहून तुळजापूर, धाराशिव करत तेरला पोचायला निम्मा दिवस गेला. मंदिर पाहून झाल्यावर ते संग्रहालयात शिरले. पाटीवर नाव होतं, कै. रामलिंगप्पा लामतुरे.

तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या पुस्तकात, 'पेरिप्लस'मध्ये, ह्या गावाचं नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते मोठं शहर होतं आणि तिथलं कापड गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जायचं. त्या शहराचे अवशेष आजच्या तेरच्या पांढरीत आहेत. रामलिंगप्पा तेरचे व्यापारी. पुरातत्त्वाची पदवी त्यांच्याकडं नव्हती. गावच्या मातीतून निघणाऱ्या वस्तू ते वर्षानुवर्षं गोळा करत राहिले. नाणी, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या, खेळणी. पुढं हा सगळा साठा शासनाकडं आला आणि त्याचं संग्रहालय झालं. इटलीत पाँपेईच्या राखेखालून 1938 साली एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती निघाली होती. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती तेरला सापडली, आणि म्हणून तेरचं नाव जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी आहे.

तात्यांनी ते सगळं सावकाश पाहिलं. एका काचेपाशी ते बराच वेळ थांबले. आत बोटाच्या पेराएवढे मणी होते, रंगानुसार वेगळे मांडलेले, आणि बांगड्यांचे नुसते तुकडे.

"मोडकंसुद्धा ठेवलंय बग," ते नातवाला म्हणाले.

"हो."

"व्यापारी माणूस. खोटं नाणं न् खरं नाणं दिवसभर बघणारा. त्याच्याच नजरेला हे दिसणार. दुसरा कोण वाकून उचलंल मातीतला मणी?" थोडं पुढं जाऊन त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं, "ह्यांचा व्यापार कशाचा होता हो?" त्याला सांगता आलं नाही. बाजूला उभ्या असलेल्या दोन विद्यार्थ्यांनाही माहीत नव्हतं. ते नांदेडहून आले होते, नाण्यांवर काहीतरी लिहीत होते, आणि लामतुऱ्यांचं नाव त्यांच्या वहीत पहिल्या पानावर होतं.

बाहेर पडून ते गोरोबाकाकांच्या मंदिरात गेले. गोरोबांची गोष्ट तात्यांनी नातवाला लहानपणी सांगितली होतीच. मुक्ताबाईनं विचारलं, काका, ह्या मडक्यांतलं पक्कं कुठलं आणि कच्चं कुठलं? गोरोबांनी थापटणं घेतलं आणि जमलेल्या संतांच्या डोक्यांवर एकेक थाप मारत गेले. नामदेव कच्चे निघाले. तात्या पायरीवर बसून म्हणाले, "आमी लहानपणी हसायचो ह्या गोष्टीला. आज कळलं. त्यानं परीक्षा घ्यायला हत्यार कुठलं घेतलं? धंद्यातलंच. चाक सोडलं असतं तर थापटणं कुठून आलं असतं?"

नातू म्हणाला, "मग काल सोड का म्हणालात?"

"काल मी रागात होतो," तात्या म्हणाले. "राग पोस्टावर नव्हता, माझ्यावर होता. पोरगं पुरावा मागतंय म्हणून रागावलो, पण पुरावा माझ्या घरातच पेटीत पडलाय, आन् मी तो कुणाला दाखवला न्हाई."

परतीच्या गाडीत नातवानं मोबाईलवर शोधून त्यांना एक गोष्ट सांगितली. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्या दोघांनी 1980 च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या तीन हजारांहून जास्त बायांच्या ओव्या जमल्या, संख्या लाखाच्या वर गेली, आणि आज 'पारी' ह्या संकेतस्थळानं त्या बायांच्या नावा-गावासकट जगासमोर ठेवल्या आहेत. तात्या ऐकत राहिले. "म्हणजे त्याच सालात," ते म्हणाले. "मी हितं सायकलीवर, ते तिथं. मी एकटाच येडा नव्हतो तर." त्यांचा चेहरा त्या संध्याकाळी पहिल्यांदा उजळला.

मला इथं थोडं थांबून सांगावंसं वाटतं. दळण हे काम होतं. बाईच्या जन्मातलं सगळ्यात नेमाचं, सगळ्यात कष्टाचं, आणि ज्याबद्दल तिला कुणी एक शब्द चांगला बोलला नाही असं काम. ओवी तिची स्वतःची होती. तिला दाम नव्हता, हिशेब नव्हता. गिरणी आली आणि ते काम एका पिढीत संपलं. ओव्या राहिल्या. पण त्या आपोआप राहिल्या नाहीत. ज्यांच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत त्या हजारो बायांच्या ओव्या त्यांच्याबरोबर गेल्या. पुण्यात चष्म्याचं दुकान सांभाळून दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती जमवल्या आणि आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय करून ते सरकारच्या हवाली केलं, म्हणून आज आपण ते पाहतो. घरातच राहिले असते तर त्या अडकित्त्यांची मोड झाली असती.

तात्यांच्या पेटीचंही तसंच होणार होतं. घरी येऊन त्यांनी ती उघडली तेव्हा तळाच्या दोन वह्यांना वाळवी लागलेली होती. एकीची निम्मी पानं हाताला लागताच भुगा झाली. तात्या त्या भुग्याकडं पाहून काही बोलले नाहीत. काकू बोलल्या, "ह्यात पलीकडच्या वाडीच्या सोनारणीच्या ओव्या होत्या. ती जाऊन दहा वर्षं झाली."

नातवानं रजा वाढवली. उरलेल्या वह्या माळवदावर उन्हात ठेवल्या, पान न् पान मोबाईलवर टिपलं. जे अक्षर त्याला लागेना ते तात्यांनी वाचलं, आणि जिथं तात्यांनाही लागेना तिथं काकूंनी ओवी म्हणून दाखवली. नातवाच्या लक्षात आलं की आजीचा आवाज वहीत नाही. मग त्यानं तिला बोलतं केलं आणि रेकॉर्डिंग लावलं. कंपनीत तो दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा, तक्ते बनवायचा, एक नोंद दोनदा आली का ते तपासायचा. तेच त्यानं इथं केलं. बाईच्या नावानं, गावानं, सालानं यादी लावली. संध्याकाळी यादी पाहून तात्या म्हणाले, "हे तुला फोटोवाल्यानं शिकवलं का कंपनीनं?" नातू हसला आणि उत्तर दिलं नाही.

फाल्गुनात गावातल्या एका घरी लग्न निघालं. मुलीची आई तात्यांकडं आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की पोस्टमन तात्यांकडं जुन्या ओव्या आहेत. "तात्या, हळद दळायची हाय. पाच सवाशिणी हायत, जातं हाय, जात्याला बांधायला सुपारी-हळकुंड हाय. म्हणायला कुणालाच काय येत न्हाई. पोरी मोबाईल लावू म्हणत्यात."

तात्यांनी तिचं माहेर विचारलं. सास्तूरच्या बाजूचं एक गाव तिनं सांगितलं. तात्या उठले, नातवाचा तक्ता काढला, मग वही काढली. 1991 सालची. पान उघडून तिच्या पुढ्यात ठेवलं.

तिची आई लेकीच्या घरी चार दिवस राहायला आली होती तेव्हा तात्या मनीऑर्डर द्यायला गेले होते. ओसरीवर नवं टाकी लावलेलं जातं होतं. आई लेकीला डाळ भरडून देत होती. सात ओव्या तात्यांनी लिहून घेतल्या होत्या, आणि खाली आईचं नाव, सासर, माहेर, तालुका, जिल्हा, तारीख. दोन वर्षांनी, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपले होते तेव्हा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. तिची आई त्यातच गेली. घर गेलं, घरातलं सगळं गेलं. आईचा एक फोटोसुद्धा नव्हता.

तिला वाचता येत होतं. तिनं पहिली ओवी मनात वाचली, दुसरी ओठांत, तिसरीला तिचा आवाज फुटला. पाचव्या ओवीत आईनं लेकीचं नाव घेतलं होतं, तिचंच. ती तिथं थांबली. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढची ओळ स्वतः म्हटली, चालीसकट. मग दोघींनी मिळून सातही म्हटल्या.

"ही वही मी घेऊन जाऊ का?" तिनं विचारलं.

तात्यांनी नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं असणार, पण त्यांनी कारण सांगितलं. वाळवीची वही दाखवली. "तुझ्या घरात राहील न राहील. माझ्या घरातली दोन ऱ्हायली न्हाईत. तुला ह्या पानाची झेरॉक्स देतो, आणिक दोन काढून ठेव. वही गावाची."

लग्न झाल्यावर नातू पुण्याला परत जायला निघाला. नोकरीचं काय ठरलं ते कुणी विचारलं नाही. सोमवारी कामावर हजर व्हायचं आहे एवढं त्यानं आजीला सांगितलं, आणि दर महिन्याला दोन दिवस अणदूरला येईन असंही. तात्या म्हणाले, "तोंडी चालणार न्हाई. आपल्या गावात देवसुद्धा लेखी केल्याशिवाय हलत न्हाई. कागद आण."

करार झाला. वह्या दहा महिने अणदूरला राहतील, दोन महिने पुण्याला नातवाकडं, तिथं त्या नीट स्कॅन करायच्या. एकही वही झेरॉक्स काढल्याशिवाय गावाबाहेर जायची नाही. तात्यांच्या माघारी वह्या एखाद्या संग्रहालयाला किंवा ग्रंथालयाला द्यायच्या, आणि ते आत्ताच ठरवायचं, मागं ठेवायचं नाही. ओवी कुठंही छापली, म्हटली, दाखवली तरी खालचा पत्ता कुणी गाळायचा नाही. तात्यांनी सही केली, नातवानं केली. साक्षीदार म्हणून सास्तूरकडच्या त्या बाईनं केली. काकूंनी अंगठा पुढं केला, तेव्हा तात्या म्हणाले, "तुझं नाव आधी लिहू दे मला. तुझ्या माहेराकडच्या ओव्यांखाली मी अजून लिहिलेलंच न्हाई." आणि त्यांनी पहिली वही ओढून घेतली, काकूंचं नाव घातलं, माहेर घातलं, आणि तालुका कुठला लिहायचा, तेव्हाचा का आताचा, ह्यावर दोघांची बराच वेळ वादावादी चालली.